प्यावयाचे पाणी आणि खावयाचे पाणी

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसली, की साताऱ्या-सांगलीकडच्या घराघरांतून हळदीकुंकवाची आमंत्रणे सुरू होतात आणि ती अक्षय्य तृतीयेपर्यंत चालतात. गौरीपुढच्या आराशीत कलिंगडाची कमळे कोरून ठेवलेली असतात, काकडीच्या चकत्या मांडलेल्या असतात. आलेल्या सुवासिनीच्या हाती आंब्याची डाळ आणि पेलाभर पन्हे देतात, ओटीत भिजवलेले हरभरे घालतात. करंज्या-लाडू असतातच, पण ते कुठल्याही सणाला असतात. या सणाचे स्वतःचे असे जे आहे, ते सारे पाण्याचे आहे. हरभरासुद्धा कोरडा देत नाहीत, पाणी पिऊन फुगलेला देतात. आणि महिन्याची सांगता होते ती पाण्याने भरलेला घडा दान करून.

यावरून आमच्या पूर्वजांना आजचे शरीरशास्त्र अवगत होते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो आम्ही टाळणार आहोत. त्यांना उन्हाळा अवगत होता, एवढे पुरे आहे. परंतु त्या ताटातल्या काकडीच्या फोडीला एक इतिहास आहे, आणि तो केवळ आहाराचा नाही. तो नदीचा, विहिरीचा, दुष्काळाचा आणि माणसामाणसांतील वाटणीचा इतिहास आहे. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तेव्हापासून ऐन उन्हाळ्यात सायंकाळी एकत्र बसून विचार करण्याची आपल्याला सवय लागली आहे. तेव्हा उन्हाळ्याचाच विषय आज घेऊ.

प्रथम थोडा हिशेब. प्रौढ माणसाच्या शरीराचा सुमारे साठ टक्के भाग पाणी असतो. श्वास, घाम आणि मलमूत्र यांवाटे ते सतत खर्च होते आणि तेवढेच पुन्हा भरावे लागते. युरोपातील अन्नसुरक्षा संस्थेने २०१० साली असे ठरविले, की समशीतोष्ण हवेत बेताचे काम करणाऱ्या स्त्रीला दिवसाकाठी दोन लिटर व पुरुषाला अडीच लिटर पाणी सर्व मार्गांनी मिळून पुरावे. यांतील ‘सर्व मार्गांनी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. त्यांपैकी वीस ते तीस टक्के पाणी आपण पीत नाही, खातो.

दिवसाला आठ पेले पाणी प्यालेच पाहिजे, हा जो नियम आज सर्वतोमुखी झाला आहे, त्याचे एक मूळ १९४५ सालच्या एका अमेरिकी शिफारशीत सापडते, असे मानतात. तेथील अन्न व पोषण मंडळाने दिवसाला अडीच लिटर पाणी हे प्रमाण सांगितले होते. पण लगेच पुढे असेही म्हटले होते, की यातील बहुतेक पाणी तयार अन्नातूनच मिळते. लोकांनी पहिले वाक्य लक्षात ठेवले आणि दुसरे सोडून दिले. इतिहासात असे अपघात पुष्कळ होतात.

आता अन्नातील पाणी कोठे असते ते पाहू. काकडीत ते शंभरात पंचाण्णव भाग असते. दुधी भोपळा, दोडका, मुळा आणि टोमॅटो हे तिच्याच पंक्तीला बसणारे. कलिंगडात ते सुमारे ब्याण्णव भाग, खरबुजात नव्वद, स्ट्रॉबेरीत एक्क्याण्णव, द्राक्षात एक्क्याऐंशी, डाळिंबात अठ्ठ्याहत्तर. आणि ज्याला आपण ‘रसाळ’ असे कधीच म्हणणार नाही, ते वांगेसुद्धा ब्याण्णव टक्के पाणीच असते. म्हणजे दुपारी अर्धा किलो कलिंगडाचा गर खाणारा मनुष्य साडेचारशे मिलिलिटरांहून अधिक पाणी खातो. दोन मध्यम काकड्यांतून पेलाभर पाणी पोटात जाते. ते एकदम घशाखाली ओतलेले नसते. चोथ्यात गुंतलेले असते, सावकाश सुटते आणि बरोबर थोडी साखर व क्षार घेऊन जाते.

या फळांची कुळे शोधीत गेलो तर फार दूर जावे लागते. कलिंगड हे आफ्रिकेचे. कलहारीच्या वाळवंटात ‘त्साम्मा’ नावाचे एक रानकलिंगड होते, आणि तेथील सान लोकांनी कोरड्या महिन्यांत पाण्याचा साठा म्हणूनच त्याचा उपयोग पिढ्यान् पिढ्या केला. आपल्या गोड कलिंगडाचे सर्वांत जवळचे आप्त मात्र सुदानमधील कोर्दोफान प्रांतात सापडते, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने दाखविले. ईजिप्तच्या तुतनखामेन राजाच्या थडग्यातही कलिंगडाच्या बिया निघाल्या आहेत. मेलेल्या राजालाही परलोकाच्या वाटेवर तहान लागेल, अशी त्याच्या माणसांना काळजी असावी. काकडी मात्र अस्सल येथली. हिमालयाच्या पायथ्याशी तिचे कडू रानटी भावंड अजून उगवते. ‘उर्वारुक’ या नावाने काकडीवर्गातले एक फळ ऋग्वेदातील मृत्युंजय मंत्रात आले आहे. पिकलेले फळ देठापासून आपोआप सुटते, तशी मृत्यूपासून सुटका मागणारी ती उपमा रोज म्हणणाऱ्यांपैकी किती जणांच्या डोळ्यांपुढे वेल येतो, कोण जाणे!

आणि बाबराची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. हिंदुस्थान जिंकून बसलेला हा बादशहा आपल्या आत्मचरित्रात तक्रार करतो, की येथे चांगली द्राक्षे नाहीत, खरबुजे नाहीत, बर्फ नाही, थंड पाणी नाही. काबूलहून आलेले एक खरबूज कापताना त्याच्या डोळ्यांत पाणी आले, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. ज्याला राज्य मिळाले त्याला फळ मिळाले नाही. आपल्या या दोन जिल्ह्यांत याच्या नेमकी उलट गोष्ट घडलेली आपण पुढे पाहणार आहोत.

दोन जिल्हे आम्ही म्हणतो खरे, परंतु ते एकाच घराचे दोन सोपे आहेत. संस्थाने विलीन झाल्यावर १ ऑगस्ट १९४९ रोजी जुन्या सातारा जिल्ह्यातून ‘दक्षिण सातारा’ हा जिल्हा वेगळा काढण्यात आला, आणि १९६० च्या नोव्हेंबरात त्याचे नाव सांगली असे झाले. दोघांची नदी एकच. कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते, वाई-माहुलीवरून येते, कऱ्हाडला कोयनेच्या गळ्यात पडते आणि सांगली-मिरजेवरून पुढे जाते. परंतु या नदीच्या दोन बाजूंना दैवाने जे पाणी वाटले, त्यात दयामाया नाही. महाबळेश्वरावर वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून शंभर-सव्वाशे किलोमीटरांवरच्या माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास घुटमळतो, आणि काही वर्षी तेवढाही येत नाही. खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत ही सगळी त्याच कोरड्या पंक्तीची. म्हणून ‘सातारा-सांगलीचे लोक उन्हाळ्यात काय खात’ या प्रश्नाला एक उत्तर असूच शकत नाही. नदीकाठचे उत्तर वेगळे, माणदेशाचे वेगळे.

नदीकाठचे उत्तर वाळूत लिहिलेले होते. दिवाळीनंतर पाणी ओसरू लागले, की पात्रातील वाळू उघडी पडे. नदीवर पोट असणारे भोई, कोळी यांसारखे लोक त्या वाळूत चर खणीत, ओल लागेपर्यंत खाली जात, त्यांत शेणखत व गाळाची माती भरीत आणि भिजवलेले बी टोकीत. रोप लहान असेतो घागरीने पाणी घालावे लागे. एकदा मूळ खालच्या ओलीला पोचले, की नदीच वेलाला पाजी. थंडीत लावलेले वेल फाल्गुन-चैत्रात काकड्या, खरबुजे आणि कलिंगडे देऊ लागत आणि वळवाचा पाऊस येईपर्यंत देत राहत. पहिला पूर आला की मळा, बांध, खुणा सगळे वाहून जाई. पुढल्या वर्षी नदी जेथे वाळू टाकील तेथे पुन्हा मांडामांड.

या शेतीकडे आम्ही थोडे थांबून पाहू इच्छितो. हिला विहीर नको, मोट नको, धरण नको. ज्याच्या नावावर सातबारा नाही त्यालाही ती करता येत असे. नदी ज्या महिन्यात आटते त्याच महिन्यात ती आपले उरलेले पाणी फळात बांधून काठावरच्या गावांना देत असे, आणि ते स्वस्त असे. बाजारात ढिगाने पडलेले कलिंगड हे गरिबाचे फळ होते, याचे कारण त्याच्या मागे भांडवल नव्हते, नदी होती. काठावरच्या गाळाच्या जमिनीत पिकणारी कृष्णाकाठची वांगी हे याच उत्तराचे दुसरे वाक्य. त्यांचे भरीत आणि भरली भाजी यांची कीर्ती सर्वत्र आहे. पण ऐन उन्हात भाकरीबरोबर ती भाजी पोटात पाणीही नेत असे, हे तिच्या कौतुकात सांगावयाचे राहून जाते.

आणखी एक गुण होता. नळाचे शुद्ध पाणी येण्यापूर्वी उन्हाळ्यातले नदीचे पाणी म्हणजे पटकीची भीती. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८४ साली कलकत्त्यात पटकीचे जंतू तळ्याच्या पाण्यात दाखविले, तोवर पाण्यातला शत्रू कोणाला नक्की ठाऊकच नव्हता. न कापलेल्या कलिंगडातले पाणी जाड सालीच्या आत मोहोरबंद असते. परंतु तेच कापून, माश्या बसत असलेल्या पाटीवर, गढूळ पाणी शिंपडून विकले, की तेच फळ रोगाचे वाहन होते. म्हणून साथीच्या दिवसांत कापलेली फळे विकण्यास मनाई करण्याची प्रथा पडली. ती प्रथा आजही शहाणपणाची आहे.

आता माणदेशाकडे वळू. व्यंकटेश माडगूळकरांच्या १९५५ सालच्या ‘बनगरवाडी’ने जो मुलूख महाराष्ट्राच्या नजरेसमोर उभा केला, तेथे वाळूतले कलिंगड कोठून येणार? नदीच मुळी वर्षातले बरेच महिने वाळूची. तेथे खावयाचे पाणी फळात नव्हते, भांड्यात होते. ज्वारीच्या पिठाची आंबील, ताक-कण्या, हुलग्याचे माडगे. मेंढरांमागे दिवसभर उन्हात चालणाऱ्या धनगराची शिदोरी जरी भाकरीची असली, तरी घरी परतल्यावर त्याचे पोट निवविणारे हे पातळ अन्न होते. त्यात पाणी होते, मीठ होते, पिठूळपणा होता. हे घटक एकत्र असण्याचे महत्त्व जगाला फार उशिरा कळले. साखर बरोबर असली की आतडे मीठ अधिक शोषून घेते आणि मिठामागोमाग पाणी शरीरात जाते, हे १९६० साली रॉबर्ट क्रेन यांनी मांडले. १९७१ च्या बांगला निर्वासितांच्या लोंढ्यात बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पाजून असंख्य पटकीच्या रोग्यांचे प्राण वाचविले. गूळ-मिठाचे पन्हे आणि मीठ घातलेली आंबील ही काही त्या औषधाची जागा घेणार नाहीत, कारण त्यांचे प्रमाण मोजलेले नसते. तथापि दोघांची दिशा एकच आहे, हे मान्य करावे लागते.

परंतु ताक असावयास दुभते जनावर लागते आणि आंबिलीला ज्वारी लागते. १८७६-७७ च्या दुष्काळात दोन्ही गेली. म्हणून नदीकाठची काकडी आणि माणदेशाची आंबील यांचे कौतुक करताना हे विसरता कामा नये, की जुन्या काळीही खावयाचे पाणी सर्वांना सारखे मिळत नव्हते. ज्याच्या दारावरून नदी गेली त्याला मिळाले. बाकीच्यांनी वाट पाहिली.

वाट न पाहता पाणी वर ओढणारेही होते. साताऱ्याजवळ लिंब गावाच्या शिवारात बारा मोटांची विहीर आहे. शाहू महाराजांच्या घराण्यातील वीरूबाई भोसले यांनी ती १७१९ ते १७२४ या काळात बांधविली. खोली सुमारे एकशे दहा फूट, व्यास पन्नास फूट. तिच्यावर एकाच वेळी बारा मोटा चालत. आत छोटासा महालच आहे. आज लोक तो महाल आणि त्यावरची शिल्पे पाहावयास जातात. पण ही विहीर खणली कशासाठी? आंब्यांच्या बागेसाठी. तीन हजारांवर झाडांची ती आमराई होती, असे सांगतात. म्हणजे बैलांच्या बारा जोड्या जमिनीच्या पोटातले पाणी ओढून आंब्याच्या पोटात भरीत होत्या. नदीने आपखुशीने दिलेले कलिंगड आणि बारा मोटांनी मिळविलेला आंबा, ही दोन फळे दोन निरनिराळ्या इतिहासांची प्रतिनिधी आहेत. पुढल्या तीन शतकांत दुसरा इतिहास वाढत गेला आणि पहिला आटत गेला.

इंग्रजी अमदानीत एकोणिसाव्या शतकाच्या साठीच्या दशकात कऱ्हाडजवळ खोडशीला बंधारा घालून कृष्णा कालवा काढण्यात आला. १८७६-७७ च्या दुष्काळात भुकेल्या माणसांना काम म्हणून माणच्या खोऱ्यात राजेवाडीचा, म्हणजेच म्हसवडचा, मोठा तलाव हाती घेतला गेला. पुढे १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातील माळरानावर कारखाना उभारला. त्याच किर्लोस्करवाडीत नांगर झाले, उसाचे चरक झाले आणि १९२६ पासून पाण्याचे पंपही होऊ लागले. मोट सुटली आणि इंजिन आले. औंध संस्थानातच आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ ही कैद्यांची खुली वसाहत निघाली. गुन्हेगारांनी तेथे कुंपणाशिवाय राहून शेती केली. त्या प्रयोगावरून सुचलेला ‘दो आँखे बारह हाथ’ हा चित्रपट १९५७ साली शांतारामबापूंनी काढला. त्याची कथा माडगूळच्या मातीतल्या ग. दि. माडगूळकरांची. त्या चित्रपटातले कैदी माळरानातून पिकवितात काय, तर भाजीपाला. आणि त्यांचे भांडण होते ते भाजी रास्त भावात विकण्यावरून. दुष्काळी मुलखाच्या लेखकाला माणसाच्या उद्धाराचे चिन्ह म्हणून ताजी भाजी दिसली, ही गोष्ट आम्हांला फार बोलकी वाटते.

आणि मग द्राक्ष आले. बाबराला जे येथे मिळाले नाही, ते तासगावच्या खडकाळ माळावर पिकले. थॉम्पसन सीडलेस ही परदेशी जात महाराष्ट्रात रुजली, आणि तिच्यातूनच बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी जो वाण निवडला, त्याला तासगाव आणि तेथला गणपती या दोघांची आठवण ठेवून ‘तास-ए-गणेश’ असे नाव मिळाले. आटपाडीच्या माळावर ठिबकाच्या नळ्यांवर डाळिंबे आली. पश्चिमेला महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी इतकी नावारूपाला आली, की २०१० साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या मुलखाला तहानेने ओळखावयाचे, तो मुलूख जगाला रसाळ फळे पुरवू लागला. हे शेतकऱ्यांच्या बुद्धीचे आणि जिद्दीचे यश आहे, आणि त्याला कमी लेखण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडावयास गेलेल्या माणसांची मुले बागायतदार झाली, ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु इतिहास लिहिणाऱ्याने जमेबरोबर खर्चही मांडावा लागतो. एका किलो द्राक्षांत पाणी असते सुमारे आठशे मिलिलिटर. ते एक किलो पिकवावयास लागते किती? आर्येन हूक्स्ट्रा या डच अभ्यासकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पिकांच्या पाण्याचा जागतिक हिशेब मांडला आहे. त्यात पावसाचे, कालव्याचे, विहिरीचे, आणि धुपून गेलेली खते सौम्य करण्यास लागेल ते, असे सारे पाणी धरले आहे. त्याची सरासरी द्राक्षाच्या किलोमागे सुमारे सहाशे लिटर येते. काकडीला ती साडेतीनशेच्या आसपास, कलिंगडाला सव्वादोनशेच्या थोडी वर, टोमॅटोला सुमारे सव्वादोनशे. ही जगाची सरासरी. आपल्या बागेतला आकडा जमिनीप्रमाणे आणि ठिबकाप्रमाणे कमीजास्त होईल. तरीही तत्त्व बदलत नाही. खावयाचे पाणी फुकट मिळत नाही. फळात दिसणाऱ्या एका पेल्यामागे न दिसणाऱ्या कित्येक घागरी असतात.

यातला विरोधाभास पाहावयाचा असेल तर तासगावी बेदाण्याच्या शेडवर जावे. पिकलेली द्राक्षे तेथे जाळीच्या मांडवावर, सावलीत वाळवितात. सुमारे चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. म्हणजे शेकडो फूट खोल कूपनलिकेतून, उपसा योजनेतून, प्रसंगी टँकरने जे पाणी वेलीला पाजले आणि वेलीने जे मण्यात साठविले, ते शेवटी हवेत सोडून द्यावे लागते, तेव्हा कोठे माल टिकतो व भाव मिळतो. धंद्याच्या दृष्टीने ते अगदी योग्य आहे. पण एखाद्या जुन्या कीर्तनकाराला यात निरूपणाचा मोठा विषय सापडला असता.

दुसरे दृश्य मिरज स्टेशनचे. ११ एप्रिल २०१६ रोजी तेथून पाण्याने भरलेली एक रेल्वेगाडी लातूरला निघाली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. दुसऱ्या दिवशी ती लातुरास पोचली, आणि पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या जाऊ लागल्या. कृष्णेने आपल्या शेजाऱ्याची तहान भागविली, याचा सांगली-मिरजकरांना अभिमान वाटला व तो योग्यच होता. परंतु वरच्या सरासरीने हिशेब केला, तर त्या पहिल्या गाडीतले सगळे पाणी म्हणजे सव्वाआठशे किलो द्राक्षे पिकविण्यापुरते पाणी. एका लहान टेंपोत मावतील एवढी! ज्या दिवसांत एका शहराचे डोळे वाघिणीकडे लागले होते, त्याच दिवसांत त्याहून किती तरी अधिक पाणी फळांच्या रूपाने महाराष्ट्रातून ट्रक भरभरून जात होते. ते कोणी चोरून नेत नव्हते, रीतसर विकले जात होते. म्हणून तर ते कोणाला दिसले नाही.

हा प्रश्न या भागातल्या सामान्य माणसांच्या आधीच ध्यानात आला होता, ही आपल्या अभिमानाची खरी जागा आहे. खानापूर तालुक्यात येरळेवर बलवडी-तांदूळवाडीच्या शेतकऱ्यांनी मुक्तिसंघर्ष चळवळीच्या साह्याने १९८० च्या दशकात ‘बळीराजा स्मृती धरण’ उभारावयास घेतले. नदीतल्या वाळूचा थोडा भाग स्वतः विकून त्यांनी पैसा उभा केला, आणि पाण्याची वाटणी जमिनीवर न करता माणसांवर करावी, भूमिहीनालाही पाण्याचा वाटा असावा, असे तत्त्व धरले. पुढे १९९३ साली क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने आटपाडीला पाणी परिषद भरली व दुष्काळी तालुक्यांनी कृष्णेच्या पाण्याचा समन्यायी वाटा मागितला. ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू या उपसा योजनांचे पाणी आज जेथे जेथे पोचले आहे, तेथे या मागणीचाही हात आहे. पाणी वर चढविण्याची विद्या बारा मोटांच्या विहिरीपासून आपल्याजवळ होती. ते वाटण्याची विद्या या चळवळीने शिकविली.

आता श्रोते आम्हांला विचारतील, की मग आम्ही उन्हाळ्यात खावे काय? त्याचे उत्तर देणे आम्हांला प्राप्त आहे. काकडी, कलिंगड, दुधी, दोडका, टोमॅटो, मुळा यांचा उन्हाळ्यात जेवणात भरपूर वापर करावा. ही ऋतूची, जवळची आणि तुलनेने थोड्या पाण्यात येणारी पिके आहेत. फळ घरी आणून, धुऊन, मगच कापावे. वृद्ध माणसांची तहान मंद होते. त्यांना ‘पाणी हवे का’ असे विचारण्यापेक्षा समोर काकडीची बशी आणि ताकाचा पेला ठेवावा, हे अधिक उपयोगी पडते. ज्यांना मधुमेह आहे किंवा मूत्रपिंडाचा वा हृदयाचा विकार आहे, त्यांनी किती फळ व किती पाणी हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

आणि एवढे करूनही हे ध्यानात ठेवावे, की खावयाचे पाणी हे प्यावयाच्या पाण्याची जागा घेत नाही. घरात पंख्याखाली बसणाऱ्याला चतुर्थांश पाणी ताटातून मिळेल. पण भर उन्हात कष्ट करणाऱ्याच्या अंगातून तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो. ती तूट काकडीच्या फोडीने भरत नाही. बागेत घड विरळ करणाऱ्या बायका, फडात ऊस तोडणारी जोडपी, रस्त्यावर खडी टाकणारे मजूर यांना स्वच्छ पाणी, मीठ, सावली आणि मध्ये बसावयास घटकाभर वेळ हवा. आपल्या ताटातली रसाळ फळे ज्यांच्या हातांतून येतात, त्यांच्याच ओठांना कोरड पडावी, ही गोष्ट कोणत्याही आहारशास्त्राला शोभणारी नाही.

नदीतल्या वाळूवरचे मळे आता फार थोडे राहिले. धरणांनी पाण्याची चाल बदलली, वाळू उपसली गेली, आणि कलिंगडे प्लॅस्टिकच्या आच्छादनावर, ठिबकावर, बाराही महिने पिकू लागली. गेलेला मळा परत आणा, असे आम्ही म्हणत नाही. इतिहास मागे चालत नाही. परंतु त्या मळ्याने एक मोजमाप मागे ठेवले आहे. नदी देईल तेवढेच घ्यावे, तिच्या ऋतूत घ्यावे, आणि ज्याच्याजवळ जमीन नाही त्यालाही घेता यावे.

गौरीच्या आराशीत अजूनही कलिंगडाचे कमळ कोरले जाते. अक्षय्य तृतीयेला पाण्याचा घडा अजूनही दिला जातो. तो देताना आपण ‘दान’ म्हणतो. जे मुळात सर्वांचे आहे, त्याच्या देण्याला आटपाडीच्या त्या परिषदेतली माणसे ‘वाटा’ म्हणत होती. या दोन शब्दांपैकी कोणता आपला, हे सातारा-सांगलीच्या नागरिकांनी ठरवावयाचे आहे.